लग्नाच्या फोटोतलं माझं तोंड

फोटो काढताना मला हस म्हणू नका, आधी हे ऐका. लग्नानंतर आमचे हे अमेरिकेला गेले आणि मला बोलवायचे कागद केले. मुंबईत व्हिसाच्या ऑफिसात गोऱ्या साहेबानं आमच्या लग्नाचा फोटो लय वेळ न्याहाळला. मराठी सांगणारी बाई म्हणाली, "साहेब विचारतात, दोघं हातभर लांब उभे, नवरीचं तोंड रडवेलं. हे लग्न व्हिसासाठी केलेलं तर नाही?"

मी म्हणलं, "बाई, त्यांना सांगा, आमच्या गावात, ताडकळसला, मांडवात हसले असते तर सासूनं घरात घेतलं नसतं. न्हाई हसले, तर तुमचे साहेब अमेरिकेत घेईनात."

बाईनं सांगितलं तसा साहेब खो खो हसला. मी न्हाई हसले. शिक्का अजून पडायचा होता.