कडी आतून आहे

— नाही हो दादा, किल्ली आहे माझ्याकडे, ही काय हातातच आहे, किल्लीचं काही नाही. कुलूप उघडलं मी, दोनदा उघडलं, पण दार ढकललं की वरून अडकतंय. कडी आतून आहे. फोनवर सांगितलं ना मी तुम्हाला? नाही सांगितलं? बरं, मग आता सांगते — कडी आतून आहे आणि आत माझा नवरा आहे. झोपला असेल. झोपलाच असेल, दुसरं काय! बेल वाजवली, दार बडवलं, फोन तर किती केले — थांबा, आता लावते — आला ऐकू? आत वाजतोय आणि हा उचलत नाही. तुम्ही सुरू करा ना. दार खराब झालं तर होऊ दे. फळी कापा, भोक पाडा, काय हवं ते करा, फक्त कडीपर्यंत तुमचा हात पोचू दे.

पिशवी? नको, असू दे, मी धरते. जड आहे, पण सवय आहे मला.

नाही, भांडण नाही झालं. सगळ्यांनाच विचारता का हो हे? आम्हाला भांडायला वेळ कुठाय, आमचा अख्खा दिवस आखलेला असतो — हसू नका, खरंच आखलेला. फ्रिजवर तक्ता लावलाय मी. उठणं, दाढी, झाडांना पाणी, एक अर्ज, खाली एक फेरी — प्रत्येकापुढे चौकोन, झालं की खूण करायची. त्याची नोकरी गेली ना. गोदामाचा मुख्य होता तो. एवढं अवाढव्य गोदाम, पण कुठलं खोकं कुठल्या फळीवर ते डोळे मिटून सांगायचा. माणसं गमतीत पैजा लावायची आणि हरायची. मग गोदामच बंद झालं, आणि हा घरी बसला, आणि ह्याला स्वतःचे मोजे सापडेनात. मी म्हटलं, हरकत नाही, शिस्त लागली की माणूस उभा राहतो. एका बाईंचं भाषण ऐकलं होतं मी — पसारा काढा, मन मोकळं होईल. म्हटलं, चला, मोकळं करू. मग काय, घर नुसतं धुऊन काढलं. कपाटं रिकामी, माळा रिकामा, डब्यांवर चिठ्ठ्या, औषधांचा खण रिकामा — म्हणजे, जुनी झाली होती ती. तारखा उलटून गेलेल्या. सगळीच नाही, पण — तुम्ही कापताय ना? करवत थांबली म्हणून विचारलं.

ऑफिसात मला घड्याळ म्हणतात. साहेब नव्या मुलींना सांगतात, ह्यांच्याकडून शिका, घर सांभाळून कामात एक चूक नाही. आणि मी मान डोलावते आणि टेबलाखाली फोन लावते — झाडांना पाणी घातलंस का रे? तो म्हणतो, घातलं. थोड्या वेळाने पुन्हा — दूधवाला आला होता का? पुन्हा — त्या निळ्या डब्यात साखर आहे की मीठ, जरा बघ ना. चिठ्ठी मीच लावलीय हो त्या डब्यावर! पण काहीतरी विचारायला लागतं. आवाज आला की पुढचा तासभर माझे हात चालतात. आज उचललाच नाही. साहेबांना म्हटलं, दाढ ठणकतेय, आणि निघाले. तुम्ही म्हणाल, एवढं काय, माणूस न्हाणीघरात असू शकतो. असू शकतो. मी पण सगळ्या रस्त्यात तेच म्हणत आले. न्हाणीघरात असेल, न्हाणीघरात असेल — आणि मग आठवलं, न्हाणीघराची कडी मी काढून टाकलीय. गंजली होती. नाही — कशाला खोटं बोलू — चांगली होती.

शेजारच्या काकू म्हणाल्या, मघाशी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मला दारात गाठून सांगितलं, जणू काही फार मोठी बातमी! म्हटलं, काकू, घरात खुर्च्या आहेत, त्या ओढल्या जाणारच. दादा, लवकर करा हो, पाया पडते तुमच्या, लवकर —

अरे! ऐकतोयस का? मी आहे! कडी काढ ना! रागावले नाहीये मी!

नाही. काही नाही. तुम्ही चालू ठेवा.

काय? पातळ पट्टी? आहे, पिशवीत असेल बहुतेक, थांबा — अगं आई गं! सगळं सांडलं. राहू द्या, तुम्ही नका उचलू, मी उचलते — तो चाकू आहे. भाजीचाच. हो, सुरी पण. आणि ही औषधं, ती — ही शेगडीची बटणं. नाही, दुरुस्तीला नाही नेली. रोज नेते. सकाळी त्याचा डबा भरून ठेवते, बटणं काढते, पिशवीत टाकते आणि कामावर जाते. हा थंड जेवतो. एकदाही विचारलं नाही त्याने की बटणं कुठे जातात. मी सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. असे काय बघताय माझ्याकडे? तुमच्या घरी असतं तर तुम्ही काय केलं असतं?

मागच्या महिन्यात गच्चीवर सापडला. नुसता उभा होता, कठड्याशी. मी म्हटलं, काय करतोयस? म्हणाला, वारा खातोय. मी म्हटलं, बरं, चल, जेवण गार होतंय. एवढंच. हाताला धरून खाली आणला आणि त्याच रात्री तक्ता केला, रंगीत पेनांनी, शाळेतल्या पोरांसारखा. गच्चीची किल्लीही पिशवीतच आहे. आवरून आवरून घरात आता काही उरलंच नाही हो. येणारी-जाणारी म्हणतात, कित्ती मोकळं वाटतं तुमच्याकडे! नणंद तर फोटो काढून घेऊन गेली, माझंही असं लावून दे म्हणाली. आणि मी प्रत्येक खोलीच्या दारात उभी राहून बघत असते — अजून काय राहिलं, अजून काय काढायचं.

ही एक कडी राहिली. दाराची. ती कशी सुटली माझ्या नजरेतून?

आला हात? पोचला? — निघाली?

नाही. तुम्ही जा आधी. मला नाही जमणार. मी इथे पायरीवर बसते. ओळखपाळख नाही, मला कळतंय, तुमचं काम दार उघडण्याचं, पण दादा — डावीकडे झोपायची खोली आहे. जा ना. आणि काही असलं तर ओरडू नका. बाहेर या आणि नुसती मान हलवा.

— काय? काय म्हणालात? झोपलाय? नीट बघितलंत? हात लावून बघा. छाती हलतेय का बघा, त्याला हलवा, जोरात हलवा —

घोरतोय?

घोरतोय म्हणताय. पलंग ओढून खिडकीशी नेलाय, फोन उशीखाली दाबलाय आणि घोरतोय. महिनोन्महिने रात्री छताकडे बघत पडलेला असायचा हो हा, आणि मी डोळे मिटून त्याचा श्वास ऐकत पडलेली असायची. आणि आज — मला हसू येतंय की काय होतंय मलाच कळत नाहीये. थोडं पाणी मिळेल का? आतूनच आणा. पेला वरच्या — अरे. उठलास? काही नाही रे, मी फाईल विसरले होते, दार जरा अडकलं म्हणून ह्या दादांना — दाराचं जाऊ दे. तू आत जा. इथे नको येऊस, इथे पसारा पडलाय, मी आवरते, तू नको वाकूस, ते नको उचलूस, अरे, नको म्हणतेय ना —

"हे सगळं रोज नेतेस?" म्हणतोय.

बटणं हातात घेऊन विचारतोय, दादा. मी काय सांगू ह्याला? नेते. हो, नेते रे. रोज.

"मला विचारायचंस ना."

विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस? बघ माझ्याकडे. सांगितलं असतंस? — हो म्हणाला. ऐकलंत ना तुम्ही? खालमानेने का होईना, हो म्हणाला.

तुमचं काय होईल ते संध्याकाळी दुकानात आणून देते. आता या तुम्ही. दार असंच राहू दे, फळी उद्या बघू. नाही, पाणीही नको. मला ह्याला एक गोष्ट विचारायचीय — झाडांची नाही, दुधाची नाही — आणि ती मला तुमच्यासमोर नाही विचारता येणार. या ना, दादा. या आता.