विरल्यांची मोठी गाडी

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि उल्हासतीर गृहनिर्माण संस्थेचे ज्येष्ठ सभासद माननीय पोपटरावजी, कर्जतहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते श्री. जगदीश विरले आणि सौ. वनितावहिनी, तसेच समोर बसलेल्या आणि मागे पंख्याखाली जागा पकडून उभ्या असलेल्या माझ्या शेजारी बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना हर्षलाचा नमस्कार.

पोपटरावांनी मला बजावलंय, "बाई, शाळेत शिकवल्यासारखं बोलू नका, वडे निवतील." प्रयत्न करते. पण संस्थेची सचिव म्हणून मी या दोघांचा निरोप चार गोड शब्दांत उरकला, तर मलाच झोप लागणार नाही. म्हणून मी सांगणार आहे एका गाडीची गोष्ट. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्या गाडीवरून एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, हे इथे कुणी नाकारणार आहे का? नाही ना? मग ऐका.

जगदीशभाऊ नेरळला राहायला आले ते थोरल्या भावाला घेऊन. गजानन विरले, आपले गजादादा. कशेळ्याच्या पुढे यांची भातशेती. वडील लवकर गेले, तेव्हा गजादादांनी स्वतः शाळा सोडली आणि धाकट्याला शिकवलं. स्वतःचं लग्न राहिलं ते राहिलंच. असा माणूस बांधावर उभा असताना अर्धांगाचा झटका येऊन खाली कोसळला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आवाज पार आत ओढला गेला. जगदीशभाऊंनी त्यांना इथे आणलं आणि निवृत्तीनंतर पहिली गोष्ट काय केली, तर गाडी शोधायला निघाले.

ती शोधाशोध वनितावहिनी सांगतात तेव्हा हसता हसता डोळे पुसतात. पनवेल झालं, कल्याण झालं. प्रत्येक दुकानात आधी गजादादांची व्हीलचेअर आत जायची. विक्रेता पडदा दाखवायचा, गाणी लावायचा, छतातली काच सरकवून म्हणायचा, "काका, इथून आकाश दिसतं." गजादादा हळूहळू एकेक शब्द जुळवत म्हणाले, "आभाळ बघाया गाडी कशाला रं? पाय कुठं ठेवू त्ये सांग."

आणि खरंच, मंडळी, छोट्या गाडीत त्यांना बसवणं म्हणजे काय असायचं, हे मी पाहिलेलं आहे. डोकं दाबून आत घालायचं, मग पाय उचलून आत ढकलायचा. मोठा माणूस, ज्याच्या शब्दाला गावात मान, तो गाठोड्यासारखा आत जायचा आणि मान फिरवून बसायचा. कुणाकडे बघायचा नाही.

शेवटी ही सात आसनी सापडली. सरकता दरवाजा, खाली बेताची पायरी. मधल्या रांगेत दोन सुट्या खुर्च्या. डाव्या बाजूने आत शिरताना डाव्या हाताला येईल असं धरायचं हँडल. गजादादांनी चांगल्या हाताने ते धरलं, वहिनींनी नुसता पाठीला हात लावला, आणि ते आपले आपण वर चढून खुर्चीत बसले. मागची रांग दुमडली की व्हीलचेअर उभीच्या उभी मावायची. सीटा मात्र पांढऱ्या होत्या. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी तपकिरी रेक्झिनची कव्हरं घातली. म्हणाल्या, "चिखलाचे पाय घेऊन माणसं बसायची हायत, दिवाणखाना नाय ह्यो."

गाडी आली आणि संस्थेत वाद पेटला. आपली पार्किंगची जागा आखली तेव्हा एवढ्या गाड्या कुणाच्या ध्यानीमनी होत्या? गाडीचं नाक पट्ट्याच्या बाहेर. अध्यक्षमहाराज, रागावू नका, पण सभेत तुम्हीच म्हणाला होतात, "घरात माणसं तीन आणि सीटा सात! ही काय वरात न्यायची आहे?" सभागृह हसलं. जगदीशभाऊ हसले नाहीत.

हसली नाही आणखी एक व्यक्ती. पहिल्या मजल्यावरची आपली प्रिया. ती उठली आणि शांतपणे म्हणाली, "काका, जागेचं मला काही नाही. पण तुमच्या गाडीचं बॉनेट माझ्या सुरभीच्या डोक्यापेक्षा उंच आहे. ती समोर उभी राहिली तर तुम्हाला दिसणार नाही. मला तेवढीच भीती आहे."

जगदीशभाऊ म्हणाले, "पोरी, मी जपून चालवतो."

"जपून चालवलं तरी जे दिसत नाही ते दिसत नाही, काका."

मतं मागितली तेव्हा गजादादांकडे बघून लोकांनी गाडी आत ठेवायला परवानगी दिली. प्रिया उठून घरी गेली. तिचं चुकलं होतं का? मला तेव्हाही वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही.

नंतरचा प्रसंग इथल्या फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिला. सकाळची वेळ. गजादादांना डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ते खुर्चीत बसले होते, सरकता दरवाजा अजून उघडाच, वहिनी जिन्यातून औषधांची पिशवी घेऊन येत होत्या. बकुळीची फुलं पडली होती आणि चार वर्षांची सुरभी ती वेचत त्या उघड्या दारासमोरून गाडीच्या पुढे गेली. जगदीशभाऊंनी आरसे पाहिले, समोर पाहिलं. रिकामं अंगण. वहिनींना चढायला सोपं जावं म्हणून गाडी जिन्याशी घ्यायला त्यांनी ती सुरू केली.

आणि ज्या माणसाला पाणी मागायलाही दोनदा श्वास घ्यावा लागायचा, तो माणूस ओरडला. "जग्या, थांब!" माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आलं मला.

गाडी वीतभर पुढे सरकून थांबली. जगदीशभाऊ उतरून पुढे गेले तर बंपरसमोर सुरभी उकिडवी बसलेली. ओंजळ भरलेली. तिने वर बघून विचारलं, "आजोबा, तुम्हाला पण पाहिजेत?"

गजादादा आतून सांगत होते, "पोरगी पुढं गेली... भायेर नाय आली... भायेर नाय आली."

प्रियाने गॅलरीतून सगळं पाहिलं होतं. ती धावत खाली आली, पोरीला उचललं आणि वर निघून गेली. जगदीशभाऊंनी किल्ली वहिनींच्या हातात दिली. म्हणाले, "ठेव. मला नाय पायजे." डॉक्टरांना घरी बोलावलं. पुढचे कित्येक दिवस गाडी झाकून उभी. गजादादा खिडकीत. दोघे भाऊ दिवसभर एकाच खोलीत. एकदा जगदीशभाऊ म्हणाले, "दादा, मला ती दिसलीच नाय रं." गजादादा म्हणाले, "मला दिसली न्हवं? मग झालं तर." पण जगदीशभाऊंचं तेवढ्याने होत नव्हतं.

एका संध्याकाळी प्रिया त्यांच्या दारात गेली. आम्हा शेजारणींना वाटलं, आता भांडण. मी मध्ये पडायला म्हणून पाठोपाठ गेले. तर ही उंबऱ्यातच उभी राहून म्हणते, "काका, माझी पार्किंगची जागा गेटला लागून आहे. तिथून गाडी सरळ रस्त्यावर निघते, अंगणात फिरवावीच लागत नाही. तुम्ही ती घ्या, मी तुमची घेते. पुढे कॅमेरा बसवून घ्या. आणि कुणीतरी समोर उभं राहून बघितल्याशिवाय निघायचं नाही. एवढं कबूल असेल तर गजाआजोबांना घरात कोंडू नका."

जगदीशभाऊ उठून उभे राहिले. गजादादांनीच डावा हात पुढे केला. "ये गं बाय, बस."

मित्रहो, त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. सात सीटा कधी भरू लागल्या ते आम्हाला कळलंच नाही. माझ्या सासूबाई इंदूबाई, प्रिया, सुरभी, मी. भात कापणीला आलं तेव्हा गजादादा म्हणाले, "मला खळ्यावर न्या." कशेळं ओलांडलं, डांबर संपलं, गाडी हळूहळू खळ्याच्या कडेला नेऊन उभी केली. दरवाजा सरकवला. गजादादा खुर्चीतच आडवे वळून बसले, पाय पायरीवर. "मी उतरत नाय," म्हणाले, "तुमी या." आणि माणसं आली. त्यांचा चुलतभाऊ मोरू हातातला भारा टाकून धावत आला, पायरीपाशी मातीतच बसला. दोघांनी कुणाचा बैल, कुणाची विहीर, कुणाची भांडणं, सगळं काढलं. मोरूने एक लोंबी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी दाणा दाताखाली घेतला आणि म्हणाले, "अजून जरा वलं हाय." त्या दिवशी गजादादांनी दोनदा वाढून घेऊन जेवण केलं. परतताना सुरभी मागच्या सीटवर माझ्या सासूबाईंच्या मांडीत झोपली होती, सगळीकडे पेंढ्याचा वास होता, आणि कुणालाही घरी पोहोचायची घाई नव्हती.

असे दोन हंगाम मिळाले. तिसऱ्याला गजादादा नव्हते.

मोठ्या गाड्या असाव्यात की नसाव्यात, हा वाद मी आज सोडवणार नाही. प्रियाचं मत बदललेलं नाही. अरुंद गल्लीत एवढी गाडी नको, हे ती आजही म्हणते, आणि ते बरोबरच आहे. पण ती हेही म्हणते, की तेवढी ऐसपैस जागा पुन्हा कुठे मिळाली नाही. माणसाला दोन्ही वाटू शकतं, नाही का?

जगदीशभाऊंनी नंतरही काही काळ ती गाडी चालवली. मधली डावी खुर्ची रिकामी. आम्ही बसायचो, पण त्या खुर्चीत कुणी बसत नसे, आणि बसू नका असंही कुणी म्हटलेलं नव्हतं. हळूहळू माझ्या सासूबाईंचं बाहेर पडणं थांबलं, सुरभी शाळेला लागली, वहिनींचे गुडघे बोलू लागले. विकास, यांचा मुलगा, नाशिकहून सारखा बोलवत होता. शेवटी जाण्याचं ठरलं आणि मोठी गाडी कर्जतच्या एका कुटुंबाला दिली. नवी घेतली ती छोटी. दोघांना पुरेशी. शहाणपणाची.

परवा ती छोटी गाडी दारात आली, तेव्हा मी तिथेच होते. एक चक्कर मारून यायला वहिनी जगदीशभाऊंशेजारी बसल्या, दार लावलं. आता, मोठ्या गाडीत जगदीशभाऊंची एक सवय होती. किल्ली फिरवायच्या आधी मागे मान वळवून मोठ्याने विचारायचे, आणि मागून आम्ही चार-पाच जण एकदम ओरडायचो. परवाही त्यांनी मान वळवली आणि विचारलं,

"बसलात का सगळे?"

मागे नवी कोरी सीट, प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली. वहिनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या,

"बसले मी."

गाडी गेटबाहेर गेली. मी आणि प्रिया बराच वेळ तिथेच उभ्या होतो.

जगदीशभाऊ, वनितावहिनी, उद्या तुम्ही निघाल. नाशिकला नातवंडं आहेत, चांगली हवा आहे, तुमचं मन रमेल, रमायलाच हवं. पण इथल्या काही माणसांना तुमच्याशिवाय कशेळ्याचा रस्ता आठवणार नाही, एवढं लक्षात असू द्या.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पाहुण्यांनी घड्याळाकडे न बघता ऐकलं, मांडव घालणाऱ्यांनी आणि वडे तळणाऱ्यांनी सकाळपासून राबून ही संध्याकाळ उभी केली, त्या सर्वांची मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, तर आपली शेजारीण समजून पोटात घाला. मला आता पुढचं बोलवणार नाही.

नमस्कार.