बैलगाड्याच्या घाटात दाबलेलं हो

हे मी माझ्या बायकोलासुद्धा सांगितलेलं न्हाई. आमच्या कंपनीच्या कॉम्प्युटरमधी चोर शिरले त्यांना दार मी उघडून दिलं, आणि बालंट आलं ते वैशालीताईंवर, आणि मी समोर बसून बघत ऱ्हायलो. तुमी पयल्यांदा घरी आलात, माझं ऐकून लिहिणार म्हणालात, तवा मला वाटलं ह्या माणसाला कंपनीनंच धाडला असंल. आता माझं असंच झालंय, काय सांगू तुमाला, समोरचा पाणी मागत असला तरी वाटतं, ह्याला खरं काय पायजे?

मी मूळचा महाळुंग्याचा. जमीन कंपन्यांमधी गेली, मग भावकीत कुणी टेम्पो घेतले, कुणी खोल्या बांधून भाड्यानं दिल्या, मी बारावी शिकलेला म्हणून नोकरीला लागलो. पत्र्याचे पार्ट बनवणारी कंपनी. आधी गेटवर, मग स्टोअरला, मग डिस्पॅचला, म्हंजे उद्या कुठला माल कुठल्या गाडीत कुठं जाणार ते लावायचं काम. लॉकडाऊनमधी लॅपटॉप घरी दिला आणि मग तीच पद्धत पडली, आठवड्यातनं काही दिवस घरूनच प्लॅन लावायचा. घरून कंपनीत शिरायचं म्हंजे आधी पासवर्ड टाकायचा, मग फोनवर विचारणा यायची, तुम्हीच आहात का? हो दाबलं की दार उघडलं.

हे सगळं बसवलं वैशालीताईंनी. कॉम्प्युटर विभागाच्या त्या, लातूरकडच्या, राहायला रावेतला. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण आमी सगळे ताईच म्हणायचो. एकेकाला बसवून शिकवायच्या. दादा, तुमी स्वतः लॅपटॉप उघडलेला नसताना फोननं विचारलं, तर नाही दाबायचं बरं का. आणि चुकून हो दाबलंच, तर लगेच मला फोन करा, कधीबी करा, मी रागवणार नाही. बाकी लोक हसायचे, म्हणायचे ताई, एवढे प्रश्न तर सोयरीक जमवतानाबी इचारले न्हाईत. मीबी हसायचो.

आता खरी गोष्ट. माझा चुलतभाऊ बाळासाहेब. त्याचे टेम्पो आमच्याच कंपनीला लावलेले. मालाची गाडी कधी लागणार हे आदल्या दिवशी कळलं तर त्याची गाडी गेटवर पयली, दुसऱ्याची मागं. रोज मला फोन करून विचारायचा, एक दिवस म्हणाला, भावा, रोज तुला कशाला तरास, मलाच बघू दे की. मी म्हणालो न्हाई रे, ते चालत न्हाई. तर म्हणाला, बांधाला बांध होता आपला, तुझ्या पोरीच्या लग्नात वऱ्हाड माझ्या गाड्यांतनं गेलं, आणि तू मला पासवर्डाचं कुलूप दाखवतोस व्हय? आमच्याकडं भावकीला नाही म्हणायचं म्हंजे मौतीला खांदा कोण देणार याचा विचार करून म्हणायचं. दिला मी पासवर्ड. तो त्याच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडायचा, माझ्या फोनवर विचारणा यायची, मी जेवताजेवता हो दाबायचो. असं कितीतरी महिने चाललं. त्याच्या त्या कॉम्प्युटरवर पोरं फुकटातले पिच्चर उतरवायची, त्यात काय काय घुसलं असंल देव जाणे, पासवर्ड तिथूनच गेला असंल असं आता मला वाटतं.

मग गावची जत्रा आली. बैलगाड्याचा घाट, म्हंजे शर्यतीचे गाडे पळतात तो चढ, दुपारचं ऊन, भंडारा उधळलेला, माईकवरचा बाबा घसा फाडून ओरडतोय, आणि खिशात फोन थरथरला. तुम्हीच आहात का? मी हो दाबलं. बाळा काम करतोय म्हटलं. परत थरथरला, परत हो. आणि मान वर करून बघतो तर बाळा समोर, घाटाच्या तोंडाला, डोक्याला फेटा, दोन्ही हातात कासरा, बैल काय आवरंना त्याला. मला बघून ओरडला, राव, गाडा आपलाच येणार!

मी फोनकडं बघितलं, परत बाळाच्या हातातल्या कासऱ्याकडं बघितलं. बाळा हितं हाय, मी हितं हाय, मग आत कोण गेलं? त्याच वक्ताला वैशालीताईंना फोन करायचा होता. नंबर काढलासुद्धा. पण त्या विचारणार, दादा, लॅपटॉप बंद होता तर हो का दाबलं, आणि मग बाळाचं बाहेर येणार, त्याच्या गाड्या जाणार, माझी नोकरी जाणार, आणि भावकीत तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाई. मी फोन खिशात ठेवला आणि गाडा बघत उभा ऱ्हायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीत एक फाईल उघडंना. सगळ्यावर चोरांनी कुलूप घातलेलं, कोण कधी शिरलं त्याच्या नोंदीबी त्यातच गेलेल्या. लाईन बंद. मोठ्या साहेबांनी आमाला सगळ्यांना एकेकाला बोलावलं. मला विचारलं, तुझ्या फोनवरनं कुणाला हो म्हटलंस का? मी म्हणालो, न्हाई साहेब, मी जत्रेत होतो, सगळ्या गावानं बघितलंय. खरंच बघितलं होतं की गावानं. बाकीच्यांनीबी न्हाई म्हटलं. मग साहेब म्हणाले, कुणीच हो म्हटलं न्हाई आणि दार उघडलं, म्हंजे ज्याच्याकडं सगळ्या दारांच्या चाव्या हायेत त्यानंच उघडलं. चाव्या एका ताईंकडंच.

त्यांना चोर कुणी म्हणालं न्हाई. नुसता त्यांचा लॅपटॉप काढून घेतला, काचेच्या खोलीत बसवून विचारत ऱ्हायले. कँटीनमधी त्यांच्या टेबलावरनं लोक उठायला लागले. एकदा मला म्हणाल्या, दादा, तुमाला तरी मी अशी वाटते का हो? मी म्हणालो, ताई, आपल्याला काय कळतं त्यातलं. आणि ताट उचलून निघून गेलो. पुढं त्यांनी राजीनामा दिला. त्याच संध्याकाळी मी बाळाला फोन केला, म्हणालो आता परत पासवर्ड मागू नको. तो म्हणाला, त्या बाईनं केलं म्हणं ना, मग तू कशाला भितोस? त्या दिवसापासून मला त्याचाबी संशय येतो, ह्याला सगळं ठावं असंल.

गेल्या महिन्यात एक फोन आला. वैशालीताईच. म्हणाल्या, दादा, दुसरीकडं नोकरीचं जमतंय, ते जुन्या कंपनीतल्या कुणाचं तरी नाव मागतायत, तुमचं नाव देऊ का? माझं काम बरं होतं एवढंच सांगा. आणि मला, काय सांगू तुमाला, मला पयल्यांदा वाटलं, ही बोलणं रेकॉर्ड करत असंल, हिला कळलं असंल, ही मला बोलतं करतेय. मी म्हणालो, बघतो. मग परत परत आला फोन, मी उचललाच न्हाई. ज्या बाईवर मी बालंट येऊ दिलं, तिच्यावर संशय घेणारा माणूस मी.

आता तिचं जमलं का न्हाई ठावं न्हाई. बाळाच्या गाड्या अजून गेटवर पयल्याच लागतात. तुमी हे लिहा, माझं नाव घातलं तरी चालंल. पण ह्यानं माझं सुटत न्हाई, मला कळतं. साहेबांसमोर उभं ऱ्हाऊन, हो मी दाबलं होतं, असं मला सांगायचं हाय, आणि ते सांगितल्यावर वैशालीताईंना स्वतः फोन करायचा हाय. ही दोन्ही कामं अजून माझ्याकडं बाकी हायेत.