न वाचता बांधलेले कागद

(बाइंडिंगचं दुकान. टेबलावर खळीचं भांडं, वजनाखाली वह्यांचा गठ्ठा. दुपारचे अडीच. दुकान चालवणारी वहिनी आणि कामावरून तडक आलेली तिची नणंद.)

नणंद: कटिंग मशीन विकायला काढलंस आणि ही बातमी मला एका दलालाकडून कळते. ऑफिसात फोन करून विचारतो, मशीन तुमच्या भावाच्याच नावावर आहे ना, कागद आहेत ना. मी तिथं लोकांच्या नळाला पाणी का येत नाही ते ऐकत बसलेय, आणि मध्येच हा.

वहिनी: त्याला तुझा नंबर कुणी दिला?

नणंद: हा प्रश्न आहे का, वहिनी? मशीन का विकतेस?

वहिनी: जुनं झालंय ते. पात्याला सारखी धार लावून आणावी लागते.

नणंद: गेल्याच महिन्यात आणलीस. मला बोलावून दाखवलंस, दीडशे पानं एका दाबात कशी कापली जातात म्हणून.

वहिनी: तू आधी बस. त्या स्टुलावर नको, तिथं खळ सांडलीय.

नणंद: मला बसायचं नाही. अर्धी रजा टाकून आलेय. तो येतोय किती वाजता?

वहिनी: चारला. टेम्पो घेऊन.

नणंद: आणि चारनंतर शाळेच्या वह्या कशानं कापणार? दातांनी?

वहिनी: सुरीनं होतं थोडंफार. नाहीच जमलं तर बंद करीन दुकान. मला एकटीला असं किती लागतं.

नणंद: बावीस वर्षांचं दुकान आणि तू बंद करीन म्हणतेस ते पंख्याचं बटण बंद केल्यासारखं. हात थांबव जरा. माझ्याकडे बघ. पैसे कशाला हवेत?

वहिनी: हात थांबवला की खळ वाळते.

नणंद: वाळू दे.

वहिनी: देणं आहे.

नणंद: कुणाचं?

वहिनी: म्हणजे कसं, की माझं नाही. ह्यांचं आहे. ह्यांनी कर्ज काढलं होतं, ते थकलं. आता वसुलीवाले माझ्या मागे लागलेत.

नणंद: दादा काहीही देणं ठेवून गेलेला नाही.

वहिनी: तुला काय माहीत?

नणंद: माहीत आहे म्हणून सांगतेय. कोण वसुलीवाले? दारात आले होते?

वहिनी: नाही, फोन येतो. ह्यांना जाऊन दोन महिने झाले असतील तेव्हा पहिला आला. ह्यांचं पूर्ण नाव घेतलं, दुकानाचं नाव घेतलं, कधी गेले तेही सांगितलं. मग मला वाटलं, खरंच असणार.

नणंद: अगं, वर्तमानपत्रात निधनाची बातमी कुणी दिली? आपणच ना? फोटो, नाव, दुकान, सगळं होतं त्यात. दुकानाच्या पाटीवर हा एवढा मोठा फोन नंबर. त्या माणसाला काय दिव्यदृष्टी लागत होती का?

वहिनी: माझ्या नाही आलं लक्षात.

नणंद: किती दिलेस?

वहिनी: आधी आठ हजार. मग बारा.

नणंद: मग?

वहिनी: मग दोनदा वीस. शेवटचे परवा पाठवले. आता म्हणतो, ऐंशी हजार एकरकमी भरा, बाकीचं माफ. पण आज पाचच्या आत. उद्यावर गेलं तर दुकानाला सील.

नणंद: म्हणजे पाच वाजेपर्यंत तो देवमाणूस आणि पाच वाजून एका मिनिटानं दुकानाला कुलूप. आणि कुणाला सांगू नका, असंही म्हणाला असेल.

वहिनी: हो. प्रकरण कोर्टात आहे, बोललात तर तुम्हालाच त्रास होईल म्हणाला. पण नोटिसा आहेत ना त्याच्या. हवेत नाही बोलत तो. थांब, दाखवते. ही बघ.

नणंद: ही काय? ही तर फाइल नाही, पुस्तक आहे.

वहिनी: मोबाइलवर यायच्या त्या नोटिसा. मी समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणायचे.

नणंद: आणि बांधल्यास? निळ्या कापडात?

वहिनी: सुटे कागद ठेवायचे कसे? हरवतात. प्रत्येक नवी आली की उसवून परत शिवायचे.

नणंद: डोकं फुटायची वेळ आलीय माझ्यावर. धमक्यांना कापडी बांधणी करणारी तूच जगात पहिली. आण इकडे. पान एक. कर्ज एक लाख चाळीस हजार. पान तीन. दोन लाख दहा. पान सहा. आता एक लाख नव्वद. कमी कसं झालं मध्येच?

वहिनी: कमी झालंय?

नणंद: कर्जाचा क्रमांक दर पानावर वेगळा. पत्ता एकाही पानावर नाही. आणि हे वाच, पैसे कुठं भरायचे ते. एका माणसाच्या नावाचं खातं आहे. बँकेचं कर्ज, आणि फेडायचं कुणा सद्गृहस्थाच्या खिशात. वहिनी, चार महिने हे तुझ्या हातात होतं. तुला एकदाही दिसलं नाही?

वहिनी: मी वाचलंच नव्हतं.

नणंद: म्हणजे?

वहिनी: बांधायला आलेला कागद वाचायचा नाही. लग्न होऊन आले, पहिल्यांदा या टेबलाशी बसले, तेव्हाच ह्यांनी सांगितलं. लोक मृत्युपत्रं आणतात, कोर्टाचे कागद आणतात, एकमेकांना लिहिलेली पत्रं आणतात. आपण पानांचे आकडे बघायचे, समास बघायचा आणि शिवायचं. कुणाच्या घरात डोकवायचं नाही.

नणंद: अगं पण हे गिऱ्हाइकाचे नव्हते. तुझे होते.

वहिनी: हातात सुई आली की सगळे कागद सारखेच. आणि खरं सांगायचं तर वाचवतही नव्हतं. वर ह्यांचं नाव आणि खाली थकबाकीदार. ह्यांनी आयुष्यात कुणाचा चहा फुकट घेतला नाही.

नणंद: मग तेवढ्यावरून तरी कळायला हवं होतं ना, बाई. वाजतोय बघ तुझा फोन.

वहिनी: तोच आहे. तीनला करतो म्हणाला होता.

नणंद: दे इकडे. स्पीकरवर ठेवते. तू एक शब्द बोलायचा नाहीस.

फोनवरचा: नमस्कार मॅडम. वसुली विभागातून वरिष्ठ अधिकारी बोलतोय. रकमेची व्यवस्था झाली का?

नणंद: होतेय. आधी तुमचं नाव सांगा.

फोनवरचा: मॅडम, आपलं चार महिन्यांपासून बोलणं चालू आहे.

नणंद: बोलणं चालू आहे, नाव कुठं कळलंय. नाव, कंपनी, ऑफिसचा पत्ता. लिहून घेतेय, सावकाश सांगा.

फोनवरचा: आपला आवाज वेगळा येतोय आज.

नणंद: घसा बसलाय. पत्ता.

फोनवरचा: पत्ता गोपनीय असतो, मॅडम. सुरक्षेचं कारण आहे.

नणंद: वसुलीचं ऑफिस आणि पत्ता गोपनीय. मग एखाद्याला प्रत्यक्ष येऊन पैसे भरायचे असले तर त्यानं कुठं यायचं?

फोनवरचा: सर्व व्यवहार ऑनलाइन आहेत. कृपया विषय भरकटवू नका. पडताळणीसाठी आपली जन्मतारीख आणि बँक खात्याचे शेवटचे सहा आकडे सांगा.

नणंद: कर्ज तुम्ही दिलंय तर ते तुमच्याकडे असणारच. तुम्ही वाचा, मी बरोबर की चूक ते सांगते.

फोनवरचा: ते नियमात बसत नाही.

नणंद: बरं. कर्ज कशासाठी घेतलं होतं, हे तरी बसतं का नियमात?

फोनवरचा: ते आपल्याला चांगलंच माहीत आहे, मॅडम. आपली नणंद सासर सोडून आली. तिच्या भाड्याच्या खोलीच्या डिपॉझिटसाठी आपल्या मिस्टरांनी ही उचल केली.

वहिनी: ठेव तो फोन.

फोनवरचा: ही गोष्ट नणंदेच्या कानावर जाऊ नये, अशी आपलीच विनंती होती. आम्ही आजवर सहकार्य केलं. पण आज भरणा झाला नाही तर आम्हाला नाइलाजानं त्यांना फोन करावा लागेल.

वहिनी: ठेव म्हणते ना.

फोनवरचा: कोण आहे तिथं? मॅडम? ऐकताय का?

नणंद: ऐकतेय. करा तिला फोन.

फोनवरचा: मॅडम, विचार करा.

नणंद: केला. कशाला खर्च करता, तीच बोलतेय. नणंद.

फोनवरचा: हे पहा, त्रयस्थ व्यक्तीशी आम्ही...

नणंद: आता तुम्ही पहा. मी रोज शे-सव्वाशे फोन घेते, त्यातला खोटा कुठला ते मला दुसऱ्या वाक्याला कळतं. कर्जाचा लेखी तपशील, कराराची सहीची प्रत आणि वसुलीचा परवाना, तिन्ही टपालानं दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. तोपर्यंत एक पैसा मिळणार नाही आणि फोनवर एक आकडाही मिळणार नाही.

फोनवरचा: आपल्याला परिणामांची कल्पना नाही. तासाभरात पोलीस दारात येतील. आपल्या वहिनींना अटक होईल, सगळ्या बाजारासमोर.

नणंद: पोलिसांना कशाला त्रास, मीच निघालेय त्यांच्याकडे. कर्ज थकलं म्हणून फोनवर वेळ कळवून अटक करायला कुणी येत नाही. तुमचा नंबर आहे माझ्याकडे. पैसे ज्या खात्यात गेले ते आहे. तुमच्या सगळ्या नोटिसाही आहेत, अगदी ओळीनं लावून शिवलेल्या. बोला. हॅलो. ठेवला.

वहिनी: परत करेल.

नणंद: करू दे. उचलायचा नाही. नवीन नंबरावरून करेल, गोड बोलेल, बाई बोलेल. पैसे परत मिळवून देतो म्हणूनसुद्धा कुणीतरी करेल. कुठलाच उचलायचा नाही. तुझं पासबुक काढ. आता बँकेला फोन, आणि नंबर नोटिशीवरचा नाही, पासबुकावरचा.

वहिनी: तूच बोल. माझा आवाज निघणार नाही.

नणंद: मीच बोलणार. तू फक्त विचारतील तेव्हा हो म्हण.

वहिनी: (बँकेच्या फोनवर) ... हो. हो, मीच. हो, पाठवले मी. चार वेळा.

नणंद: ऐकलंस ना ती बाई काय म्हणाली? दादाच्या नावावर काहीही बाकी नाही. तुझं खातं तूर्त बंद ठेवलंय. परवाचे वीस हजार अडवायचा प्रयत्न करतायत. आधीचे चाळीस गेले असं समज. आता हे पुस्तक घेऊन पोलिसांकडे जायचं. त्या दलालाला सांगितलंस?

वहिनी: आत्ता पाठवला मेसेज, येऊ नका म्हणून. टेम्पोचं भाडं मागतोय.

नणंद: मी देईन त्याचं भाडं. मशीन जागेवर राहिलं ना. चल, चपला घाल.

वहिनी: जाऊ. जरा बसू दे मला.

नणंद: वहिनी, ते डिपॉझिटचं तुला कधी कळलं?

वहिनी: ह्यांचं कपाट आवरताना. शर्टांखाली पावत्या होत्या. कर्जाच्या हप्त्यांच्या, वर कोपऱ्यात ह्यांच्या अक्षरात तुझं नाव आणि खोलीचं डिपॉझिट असं लिहिलेलं. अठरा पावत्या. हप्ते चोवीस लिहिले होते.

नणंद: सहा कमी.

वहिनी: सहा कमी. मग आठवड्याभरात त्या माणसाचा फोन. कर्ज थकलंय म्हणाला. मी विचारलं, नणंदेच्या खोलीचं का? तर म्हणाला, हो, तेच.

नणंद: तूच त्याच्या तोंडात घातलंस.

वहिनी: आता कळतंय.

नणंद: मला का नाही विचारलंस? एक फोन करायचास. दिवसभर मी फोनवरच असते, वहिनी.

वहिनी: तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? ती खोली सोडली असतीस, डिपॉझिट आणून माझ्या हातात ठेवलं असतंस. मग राहायला कुठं गेली असतीस? तिकडून आलीस तेव्हा तीन महिने या कोपऱ्यात बसून पुठ्ठे कापायचीस. कुणी हाक मारली तरी दचकायचीस. ती खोली मिळाली तेव्हा कुठं तू माणसात आलीस. ती मी जाऊ देणार होते होय?

नणंद: त्यापेक्षा मशीन विकायचं.

वहिनी: मशीनचं काय एवढं.

नणंद: मशीनचं काय, असं म्हणू नकोस माझ्यासमोर. राग येतोय मला. वहिनी, ते कर्ज पाच वर्षांपूर्वीच फिटलं.

वहिनी: सहा पावत्या नव्हत्या.

नणंद: नोकरी लागल्यावर शेवटचे सहा हप्ते मी भरले. म्हणून त्या पावत्या माझ्याकडे आहेत. दादा घेत नव्हता पैसे, भांडून भरले. त्यानं एकच अट घातली, तुझ्या वहिनीला यातलं काही बोलायचं नाही. तिला कळलं तर उगाच घोर लावून घेईल. मी कबूल केलं.

वहिनी: पाच वर्षं झाली?

नणंद: हो, पाच.

वहिनी: आणि ते गेल्यावर?

नणंद: गेल्यावर काय सांगायचं, फिटलेलंच होतं. तुला त्रास नको म्हणून नाही बोलले.

वहिनी: मीही तुला त्याचसाठी नाही बोलले.

नणंद: चिड माझ्यावर. दुपारपासून मीच तुझ्यावर ओरडतेय. तूही ओरड.

वहिनी: ओरडून झालंय माझं. चार महिने ह्यांच्यावरच ओरडत होते मनात. देणं ठेवून गेलात, मला सांगितलंतही नाहीत. रात्रीची कूस बदलली की तेच.

नणंद: वहिनी.

वहिनी: पैसे मिळाले तर मिळू देत, नाहीतर नाही. पण फिटलंय, एवढं एक कुणीतरी मला सांगायला हवं होतं गं.