मल्लम्मा पाटी

न्हाई न्हाई, तेवढी ओळ खोडा, तनुजाबाई. ‘देवी बसली आन गाडी जागची हालली न्हाई’ आसं लिवू नका. गाडी चांगली हालली. दोन घंट्या मारल्या की हालतीच गाडी — आन घंटी मारणारा मीच होतो, निलंग्याच्या ह्याच रस्त्यावर अठ्ठावीस सालं कंडक्टरकी केली, मला सांगता व्हय? बाकी देवळाच्या कमिटीनं सांगितलं ते ठिवा. देवी इथं उतरली, ठिवा. लिंबाखाली बसली, ठिवा — बसली ती खरंच. पर गाडीला बोल लावू नका.

बसा की. च्या घ्या. नांदेडहून आलात गावांच्या नावांची मुळं हुडकीत, आन उभ्या उभ्या लिवून राहिलात. मगाशी ते काय म्हणालात, त्या वेल्स मुलखाचं — ‘लान’ म्हणजी देऊळ, त्याच्याम्होरं संताचं नाव, झालं गाव? आन स्कॉटलंडात ‘इनव्हर’ म्हणजी नदीचं तोंड. म्हणजी तिकडचे लोकबी आमच्यासारखेच, डोस्कं लई चालवीत न्हाईत. नदी दिसली नदी, देऊळ दिसलं देऊळ. आमच्यात कानडीतलं ‘ऊर’ म्हणजी गाव, ‘हळ्ळी’ म्हणजी खेडं — बोलतो मराठी, राहतो कानडी नावात. आन हमरस्त्यावर गावाकडं वाट फुटती तितं नावाचा बोर्ड आसतो, म्हणून ती ‘पाटी’. सोपं हाय समदं. फकत इथं गावाचं नाव न्हाई, बाईचं हाय, म्हणून तुमी थांबलात. तो वेल्समधला संत खरंच होता का, ते तिकडंबी कुणाला ठावं न्हाई म्हणालात न्हवं? मला ते लई पटलं.

काय? देवी कोणत्या काळातली? काळ... लिवा, नव्व्याण्णव. न्हाई, नव्व्याण्णवावं शतक न्हवं, साल. एकोणीसशे नव्व्याण्णव. मे म्हैना. — हासू नका, च्या सांडंल.

आता तोंडातून गेलंच, तर ऐका. मल्लम्मा बाई होती. चांगली हाडामासाची, आमच्याच समाजातली, तिकडं शिवंवरल्या खेड्यातली. लेक निलंग्याला दिलेली. लेक बाळंत झाली, तर ही बाराव्या दिसाच्या बारशाला पाळणा घेऊन निघाली. लाकडी पाळणा, लाल-हिरवा रंगीवलेला. गाडीत ठिवला मधोमध. मी म्हणलं, लगेज तिकीट काढा. ती म्हणली, पैसे माझ्या तिकिटापुरतेच हायत, पाळणा मांडीवर घेते. पाळणा मांडीवर मावतो व्हय? पर आधल्या हप्त्यात चेकिंगवाल्यांनी मला असंच एका पोत्यावरून धरलेलं, मेमो दिलेला, लोकांसमोर पाणउतारा केलेला — डोस्क्यात तेच. ती म्हणली, लेकीला बरं न्हाई रे आप्पा, ताप हाय, निरोप आलाय. डायवर ग्यानोबा म्हणला, ऱ्हाऊ द्या की सिद्धलिंगआप्पा. गाडीभर लोक बघायलेले. लोक बघायले की माणूस जास्तीच कंडक्टर होतो. मी पाळणा खाली ठिवला, बाई खाली ठिवली, आन दोन घंट्या मारल्या.

इथंच. तवा इथं काय होतं? हा लिंब आन बाभळी. तिनं मागनं येणाऱ्या गाड्यांना हात केला. चार गाड्या गेल्या म्हणत्यात, पाच म्हणत्यात. थांबत्याल कशा? थांबा न्हवताच इथं. उन्हं कलल्यावर पाळणा लिंबाच्या फांदीला आडकिवला आन निघाली चालत. पोचली तवा लोक माती देऊन माघारी येत होते.

लेक सकाळीच गेली होती, खरं तर. माझ्या गाडीत बसून गेली आसती तरी जिती भेटली नसती, हे मी शंभरदा घड्याळ लावून बघितलंय. पर तोंड दिसलं आसतं. तेवढं मी घेतलं तिच्यापासून. सव्वीस सालं झाली, मला गाडीत झोप लागत न्हाई.

मंग काय करतो? डेपोत अर्ज केला — प्रवाशांच्या मागणीवरून इथं थांबा द्यावा. प्रवासी कुठले आणू? सह्या मीच केल्या, निम्म्या डाव्या हातानं. सायेब म्हणले, नाव काय थांब्याचं? मी म्हणलं, मल्लम्मा पाटी. पाटीबी मीच रंगीवली. तवर बायांनी लिंबाला पाळणा बघितलेला — लेकरू व्हावं म्हणून आनखी पाळणे बांधायल्या. ते बघितलेत न्हवं तुमी, फोटू काढलात. तो पैला ह्यांच्यात न्हाई. तो कवाच मोडून पडला.

देवी कुणी केली? कमिटीनं न्हवं. कमिटीला मी सांगितलं. आन मी पैल्यांदा कुणाला सांगितलं, ते... सांगतो. पाचसा सालांनी ती माझ्याच गाडीत चढली. केस पांढरे झालेले. इथं आल्यावर मी नेमानं वरडलो, ‘मल्लम्मा पाटी!’ तिनं विचारलं, ही कोन मल्लम्मा, आप्पा? मला म्हणायचं होतं, आई, तूच. पाय धरायचे होते. लोक बघायले होते. मी म्हणलं, देवी हाय. जागरूक हाय. तिनं खिडकीतून पाळण्यांकडं बघितलं. म्हणली, ‘लई येळ बसावं लागलं आसंल बाईला.’ बास. निलंग्याला उतरून गेली. मला वळखलं का न्हाई, ते मला आजपतूर कळलं न्हाई. दोन सालं झाली, वारली म्हणं.

लिवू नका हे. नारळ फोडायला बाया येत्यात, त्यांचं मन कशाला मोडता? — न्हाई, थांबा. लिवा. तुमच्या त्या वेल्सवाल्यासारखं हिचंबी व्हायचं, होती का नव्हती म्हणत बसत्याल लोक. होती. लिवा: मल्लम्मा, लेकीच्या घरी निघालेली. उतरली न्हाई, उतरिवली. कुणी, तेबी लिवा — सिद्धलिंग, कंडक्टर. लिवलं? दाखवा. हं.

ती बघा तुमची गाडी आली. उठा, हात करू नका. इथं समद्या गाड्या थांबत्यात.