उद्या उडणारं रॉकेट

सदर भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात शैलजा आईची वाट पाहत होती. शेजारच्या आजींच्या डोळ्यांवर पट्टी होती, त्यांच्या पलीकडे आजोबा बसले होते. समोरच्या टीव्हीचा आवाज बंद होता.

“अहो, काय दाखवून राहिले?”

“रॉकेट. प्रायव्हेट कंपनीचं आहे, पण खूप मोठं. घराएवढी दुर्बीण एकाच खेपेत वर नेईन म्हणते.”

“मंग दूरच्या चांदण्या दिसतीन?”

“दिसतीन ना.”

“मले उडताना पाहायचं होतं हो. पट्टी तर उद्या निघन.”

टीव्हीवर आगीचा लोट उसळला आणि रॉकेट वर निघालं. आजोबांनी आजींचा हात धरला.

“थांबवलं त्यांनी. आता उद्या उडन. दोघं मिळून पाहू.”

आजी शैलजाकडे वळल्या. “बेटा, खरं सांगून राहिले का हे?”

शैलजाचे डोळे टीव्हीवरच होते.

“हो आजी. उद्याच आहे.”