फुर्का बंद आहे

—उघडा आहे? तुम्ही आत्ता फुर्का घाटातूनच उतरलात? अहो, हळू बोला ना! बाहेर धबधब्याकडे तोंड करून पावसात उभे आहेत ना, ते माझे बाबा. ते आत आले की फुर्काचं नाव काढायचं नाही हं. मी सांगितलंय त्यांना, दरड कोसळलीय, घाट बंद आहे. — हो, धडधडीत खोटं. माझी कॉफी कधीची गार झालीय, तरी मी उठत नाहीये, ते उगाच का?

कसं आहे — सकाळी शेखेनच्या खोऱ्यातून, घरून निघताना म्हटलं, बाबा, चला, तीन घाटांची चक्कर मारू, सुस्टन, ग्रिम्झेल, फुर्का, धबधबे बघू, संध्याकाळी घरी. अख्खं स्वित्झर्लंड ही चक्कर मारतं, बाबांनीच नाही मारली कधी — गाई सोडून जाणार कुठे? आता या फाट्यावरून वर वळलं की फुर्का, म्हणजे घर. आणि खाली वळलं की ब्रीग. ब्रीगला मी राहते, आणि माझ्याच गल्लीत वृद्धाश्रम आहे — चांगला आहे हो, अंगणात फुलं-बिलं — तिथे त्यांची खोली तयार आहे. बॅग गाडीत मागे, छत्र्यांखाली लपवलीय मी. चोरासारखंच की! आणि आत्ता, आपण बोलतोय तोवर, शेजारचा रेमिगी त्यांच्या गाई घेऊनसुद्धा गेला असेल. मीच म्हटलं त्याला, आजच ने, त्यांच्या डोळ्यांदेखत नको.

असं बघू नका माझ्याकडे. वर कुरणावर एकटा माणूस, चीजच्या कढईखाली जाळ करतो आणि विसरून जातो — छप्पर पेटता पेटता राहिलंय. मी तरी काय करू?

आजचंच घ्या ना. रोज तिन्हीसांजेला बाबा कुरणावरून हाक देतात — दूध गाळायचं लाकडी नरसाळं तोंडाला लावून, देवाला, मारियेला, संतांना. आवाज जिथवर पोचेल तिथवर रात्रभर गुरामाणसांना काही होत नाही म्हणतात. तर आज सुस्टनच्या माथ्यावर, भर दुपारी, धो धो पावसात, घराकडे तोंड करून हे हाक द्यायला लागले! लोक गाड्यांतून फोटो काढतायत, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, बाबा, दुपार आहे, संध्याकाळी घरी जाऊन द्या की! तर म्हणाले, असू दे, आजची देऊन ठेवतो. आणि मला — लाज वाटते सांगायला — मला बरं वाटलं. म्हटलं, चला, भ्रमिष्ट झालेत, म्हणजे मी करतेय ते बरोबरच. एकेका गाईचं नाव घेत होते हो. एरवी नाही घेत, नुसतं 'सगळी गुरं' म्हणतात. आज एकेक नाव, सावकाश — आणि सगळ्यांच्या शेवटी रेमिगीचं.

रेमिगीचं कशाला घेतलं असेल?

नाही... नाही हो, मी त्यांना काहीच बोललेली नाही. रेमिगीही बोलायचा नाही. — थांबा, आले. तुम्ही गप्प बसा. या बाबा, किती भिजलात! टोपी द्या इकडे. मी यांना हेच सांगत होते, की फुर्का —

काय?

त्या खोलीची खिडकी... घराच्या बाजूला उघडते का, असं विचारताय?

नाही, बाबा. रस्त्याच्या बाजूला आहे.